निळ्या गॅलेक्सीचं काय होतं

आमच्या फाटकावर दादाच्या नावाची पाटी आधी लागली आणि दादा नंतर परत आला. व्हायला पाहिजे होतं उलटं, पण आमच्या बाबांना धीर कुठला! भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीतली पाळी संपवून सायकलवर घरी येता येता एक दिवस ते बालाघाटात पेंटरच्या दुकानावर थांबले आणि निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहून घेऊन आले. वर ‘डॉ. राजरतन’, त्याखाली आमचं आडनाव, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत ‘एम.एस्सी., पीएच.डी., खगोलशास्त्र’. माय हात पुसत बाहेर आली. तिला वाचता येत नव्हतं, पण पाटीवर काय असणार ते तिला बरोबर समजलं. “अवो, अजून व्हाचा हाय ना तो डॉक्टर,” ती म्हणाली. बाबांच्या तोंडात खिळे होते. त्यांनी एकेक काढला, ठोकला, आणि मग म्हणाले, “होऊनच राह्यला. पेंट वाळेपर्यंत होते.”

आमच्या मोहल्ल्यात फाटकावर शिक्षण लिहायची रीतच होती. सगळी बौद्धांची घरं, बहुतेकांचं मूळ भंडारा-गोंदियाकडचं, आणि कोणी मॅट्रिकच्या वर गेला की पाटी लागलीच समजा. लग्नाच्या पत्रिकेत तर आत्याच्या नवऱ्याची आयटीआयसुद्धा नावापुढे छापून यायची. बाहेरचे लोक हसतात या गोष्टीला. हसू द्या. ज्यांच्या आज्याला मास्तरनं शाळेच्या दाराबाहेर बसवलं, त्यांनी चार अक्षरं पत्र्यावर लिहिली तर कोणाच्या बापाचं काय जाते? पण एवढं खरं की आमच्या मोहल्ल्यात तोवर बी.ए. झाले होते, वकील झाला होता, एक कंपाउंडर होता, ‘डॉ.’ मात्र कोणाच्या फाटकावर नव्हतं. येणारे-जाणारे थांबून वाचायचे. बाबा ओट्यावर बसून त्यांना वाचताना पाहायचे, आणि चेहरा असा करायचे जसं काही त्यांचं तिकडं लक्षच नाही.

मी राजरतनची धाकटी बहीण, विशाखा. जन्म बालाघाटातला, नोकरी बालाघाटातली, आणि आता गुडघे गेल्यावर ओट्यावर बसून हे लिहिते आहे तेही बालाघाटातच. आयुष्यभर सरकारी शाळेत पोरांना हिंदीत शिकवलं, घरात वऱ्हाडी बोलले, त्यामुळे माझ्या मराठीत काय काय सांडलेलं दिसेल. शुद्ध पाहिजे असेल त्यांनी दुसऱ्या कोणाचं वाचावं.

घर म्हणजे दोन खोल्या, पुढं ओटा आणि मागं सांदवाडी. सांदवाडीत अंबाडी, भेद्रं म्हणजे टमाटे, आणि माय रोज खुडायची तो सांबार, ज्याला तुम्ही कोथिंबीर म्हणता. सकाळ उजाडायची ती खाणीच्या भोंग्यानं. वारा आमच्या बाजूचा असला की तो घरात घुसल्यासारखा ऐकू यायचा. मग मायचं चुलीत फुंकणं, तांदळाच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरल्याचा आवाज, आणि लाखोळीच्या डाळीला लसणाची फोडणी. बाबा पाळीवरून आले की अंगभर काळी भुकटी असायची. पण आंघोळ केल्याशिवाय त्यांनी दादाच्या पुस्तकाला कधी हात लावला नाही. दादा अभ्यासाला बसला की ते अंगणातून चपला हातात घेऊन चालायचे. मी अभ्यासाला बसले की मात्र पाणी भरायला हाक यायची, पण तो वेगळा विषय आहे, आणि तो काढला तर माझं डोकं फिरेल.

दादा लहानपणापासून शांत, पण प्रश्न विचारायला एक नंबर. मास्तर कंटाळायचे. गोंदियाच्या कॉलेजात त्याला एक चांगले सर भेटले, त्यांनी त्याला दूरच्या मोठ्या शहरातल्या संस्थेची परीक्षा द्यायला लावली, आणि तो पास झाला. ताऱ्यांवर संशोधन करायचं होतं. ही बातमी मोहल्ल्यात पसरली तेव्हा विहाराचे सचिव धनपालमामा तणतणत आमच्या घरी आले. “सुखदेवभाऊ, हे काय ऐकून राह्यलो मी? आपण ते पत्रिका-मुहूर्त सारे सोडून दिले, आन तुमचा पोरगा ग्रह-तारे शिकाले चालला? उद्या कुंडल्या मांडन का तो?” बाबांनी त्यांना पाणी दिलं. दादानं पाटावर बसून तासभर समजावलं की हे ज्योतिष नाही, हे विज्ञान आहे, यात कोणाचं भविष्य सांगत नाहीत. मामांना पटलं. इतकं पटलं की दादाला सोडायला स्टेशनवर हार घेऊन तेच सगळ्यात पुढं! तेव्हा गोंदियाला छोटी लाइन होती, डब्बे आगपेटीएवढे. दादा खिडकीत बसला, मायनं जवसाच्या चटणीचा डब्बा त्याच्या मांडीवर ठेवला, आणि गाडी हलली तशी सगळा प्लॅटफॉर्म जय भीम म्हणून ओरडला. मी कधी कोणाचा इतका हेवा केला नाही आणि कोणावर इतकी खूशही झाले नाही.

पहिली दोन-तीन वर्षं तो सुट्टीत यायचा तेव्हा घर बोलण्यानं भरून जायचं. आपला सूर्य ज्यात आहे तसे अब्जावधी तारे मिळून एक गॅलेक्सी होते, तशा अगणित गॅलेक्सी आहेत, काही एकट्या राहतात आणि काही शेकड्यांनी एका जागी गोळा झालेल्या. एकट्या राहणाऱ्या नवीन तारे जन्माला घालतात आणि गर्दीत राहणाऱ्या घालत नाहीत, असं का, हे शोधायचं त्याचं काम. “म्हणजे त्याहिची जातच तशी असते, का त्या जागेनं तशा होतेत, हे पाहाचं हाय,” तो म्हणायचा. बाबा मान डोलवायचे. समजायचं किती ते देव जाणे. आम्ही देव मानत नाही, पण बोलायला दुसरा शब्द तरी कुठून आणू? मग त्याचं येणं कमी झालं. आला तरी बोलणं कमी झालं. पाटी लागली ती याच काळात. आणि एका पावसाळ्यात तो न कळवता आला, एक पेटी घेऊन. फाटकाजवळ आला, पाटी वाचली, पेटी खाली ठेवली आणि कितीतरी वेळ तिथंच पावसात उभा राहिला. मी आतून ओरडले, “दादा, काहून भिजून राह्यला? आत ये ना!” तेव्हा तो आत आला.

त्या पावसाळ्यात आमच्या घरात एकच गोष्ट चालली होती. दादाचा प्रबंध लिहून होत आला होता, शेवटचा एक भाग राहिला होता, आणि संस्थेनं त्याला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. परत गेला, बसला, सादर केला, तर झाला डॉक्टर. नाही गेला तर सगळी वर्षं पाण्यात. एवढी सरळ गोष्ट. आणि दादा ओट्यावर बसून समोरच्या डबक्यात पडणारा पाऊस पाहायचा. पेटी त्यानं उघडलीच नाही. बाबा पाळीला जाताना विचारायचे, “मंग, कवा निघतं?” आल्यावर विचारायचे, “काही लिवलं का आज?” दादा म्हणायचा, “पाहू.” या ‘पाहू’नं बाबांना पोखरलं. ते जेवताना भात चिवडत बसायचे, आणि माय त्यांच्या ताटात डाळ वाढायची ती कोरडी व्हायची.

मी तोंडाची फाटकी. एक दिवस अंबाडीची पानं खुडत बसले होते, दादा शेजारी येऊन बसला आणि पानं खुडू लागला, तेव्हा मी सरळ विचारलं, “मारलं का तुले कोनी तिथं?”

“नाही.”

“शिव्या देल्या?”

“शिव्या तं बालाघाटातबी भेटतेत,” तो म्हणाला, आणि थोडा हसला. “कोनी काहीच नाही केलं, विशाखा. हेच तं सांगता येत नाही कोनाले. जेवाले बसलो का समोरच्याचं जेवन झालं असे. रोजच. पहिल्याच दिवशी विचारलं का तुझा रँक काय होता, आन मी सांगितल्यावर एकमेकाकडं पाह्यलं. मी ‘मले’ म्हणलं का मागून कोनीतरी ‘मले, मले’ करे. मी प्रश्न विचारला का सर म्हणत, हे तुम्ही आधी वाचून या. तोच प्रश्न दुसऱ्यानं विचारला का फळ्यावर चर्चा सुरू. माहं लिवलेलं सराच्या टेबलावर पडून राहे, सहा-सहा महिने. विचाराले गेलो तं म्हणत, तुमच्या लोकायले घाई फार असते.” तो देठ मोडत होता, पानं बाजूला आणि देठ बाजूला, नीट ढीग करून. “मंग मी प्रश्न विचारनं सोडलं. मंग बोलनं सोडलं. मंग एक दिवस पाह्यलं तं मले काही सुचूनच नाही राह्यलं. डोकं रिकामं. आता परत जाऊन काय करू? बसीन त्या खुर्चीवर. खुर्ची तं हाय अजून.”

मी संतापले. म्हणाले, त्यांच्या छाताडावर बसून लिही, त्यांच्या नाकावर टिच्चून डॉक्टर हो, आपल्याला काय फुकट मिळालंय का काही! दादानं सगळं ऐकलं. चुलीपाशी माय होती. तो उठून तिच्याजवळ गेला आणि तिनं नुकत्याच ओढून घेतलेल्या लाकडांकडं पाहत राहिला. आत निखारे लाल होते. “माय, आता लाकूड नाही टाकलं तं हे किती वेळ लाल राह्यन?” माय म्हणाली, “राह्यन बराच वेळ. त्याच्यावर दूध तापते अजून.” तो माझ्याकडं वळला. “पाह्य. गॅलेक्सीतबी असंच होते. गर्दीत शिरली का बाहेरून येनारा वायू बंद होते. त्यापासून तारे बनतेत ना. पन आतला असते थोडा, त्याच्यावर चालते काही काळ. बाहेरून पाहनाऱ्याले समजतबी नाही का हे संपून राह्यली.”  

बाबांनी मात्र हार मानली नव्हती. आश्विन पौर्णिमेला विहारात वर्षावासाचा समारोप असतो. तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन चालतं, आणि त्या दिवशी सगळा मोहल्ला पांढऱ्या कपड्यांत जमतो, खीर होते, भाषणं होतात. बाबांनी आणि धनपालमामांनी मिळून ठरवलं की यंदा राजरतनचा सत्कार करायचा आणि त्याचं भाषण ठेवायचं. बाबांचा हिशोब साधा होता. चारशे लोकांसमोर हार घातला, डॉक्टर म्हणलं, की पोरगा लाजेकाजेनं तरी गाडीत बसेल. समारोपानंतरच्या तिसऱ्या दिवसाचं गोंदियाहून पुढचं तिकिटही त्यांनी काढून आणलं आणि भिंतीवरच्या तसबिरींच्या मागं ठेवलं. दादा नको नको म्हणत होता. शेवटी बाबांनी त्याच्यापुढं हात जोडले. बापानं पोरापुढं हात जोडलेले मी पाहिले, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं. दादा म्हणाला, “बरं, बोलतो. पन काय बोलू?” बाबा म्हणाले, “तुह्या ताऱ्याचंच बोल ना बापा. लोकायले समजू दे आपला पोरगा काय करते.”

विहारासमोर मांडव होता. मागं कापडी फलक, त्यावर पुन्हा तेच, ‘डॉ. राजरतन यांचा भव्य सत्कार’. बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला, खिरीच्या गुंडाला झाकण घातलेलं तरी इलायचीचा वास सुटलेला. त्रिशरण-पंचशील झालं. मामांनी हार घातला, टाळ्या झाल्या, आणि दादा माइकसमोर उभा राहिला. पांढरा सदरा त्याला ढिला झाला होता. त्यानं पहिलं वाक्य म्हणलं ते असं: “एक गोष्ट सांगतो. मी डॉक्टर नाही.”  मग मामा खालून ओरडले, “होनार हाय ना! दिवाळीत होऊन राह्यला!” आणि पुन्हा टाळ्या, पहिल्यापेक्षा जोरात. दादा थांबला. टाळ्या संपल्यावर पुन्हा म्हणाला, “आज तं नाही.” बाबा पहिल्या रांगेत होते. त्यांनी मान खाली घातली. पण खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या भावाचा अभिमान वाटला. सगळ्या पावसाळ्यात पहिल्यांदा त्याचा आवाज पूर्वीसारखा आला होता.

मग तो बोलला, आणि काय बोलला! पुस्तकी शब्द एक नाही. म्हणाला, गॅलेक्सी म्हणजे ताऱ्यांची वस्ती. तिच्यात तारे असतात आणि ज्यापासून नवीन तारे होतील असा गार वायूही असतो, जसं कोठीत बियाण्याचं धान. जिथं नवीन तारे जन्मतात ती गॅलेक्सी निळी दिसते. एवढं ऐकलं मात्र, मागून पोरांनी “जय भीम!” ची आरोळी ठोकली. सगळा मांडव ओरडला. निळा रंग म्हणजे आपलाच, आकाशातसुद्धा आपलाच! मामा तर उभे राहून नाचायचेच बाकी होते. दादालाही हसू आलं. त्यानं हातानं बसा बसा केलं, आणि हसू तोंडावर असतानाच पुढचं सांगितलं. “पन निळे तारे लवकर जळून जातेत. नवीन होत राह्यले तरच गॅलेक्सी निळी राह्यते. नाही झाले तं लाल होते. लाल तारे म्हातारे, लय दिवस जगनारे. आन जिथं शेकड्यानं गोळा झाल्या असतेत, त्या गर्दीच्या शहरात जवळपास साऱ्या लाल असतेत.”

लोक आता खरंच ऐकत होते. त्यानं सांगितलं की हे शहर रिकामं नसतं, गॅलेक्सींच्या मधल्या जागेत तापलेला विरळ वायू भरलेला असतो. “भरवेलीच्या उतारावर सायकल सोडा. हवा थांबली असन, पान हलत नसन, तरी तुमच्या तोंडाले वारा लागतेच ना? तसं. बाहेरची निळी गॅलेक्सी त्या शहराकडं ओढली जाते, जोरात जाते, आन तिले वारा लागते. तारे जड असतेत, ते जागेवर राह्यतेत. बियान्याचा वायू उडून जाते. ती चांगली होती का वाईट होती, याचा काही संबंध नाही. तीच गॅलेक्सी एकटी राह्यली असती तं निळी राह्यली असती.”  मोहल्ल्यातून शहरात कोण कोण गेलं होतं आणि कसं कसं परत आलं होतं, ते प्रत्येकाला माहीत होतं.

इथं थोडी मध्ये बोलते. परवा माझी नात मोबाइलवर एक फोटो घेऊन आली, नवीन दुर्बिणीतून काढलेला. अशीच एक गॅलेक्सी, आणि तिच्यातून उडालेल्या वायूच्या लांब लांब शेपट्या, पाण्यातल्या गवतासारख्या. त्या शेपट्यांत निळे ठिपके. नात म्हणाली, आजी, यात नवीन तारे बनत आहेत. मला एकदम उभारी आली. दादा आता सत्तरीच्या जवळ आहे, बाजेवर पडून असतो. मी नातीला म्हणलं, जा, आजोबाला दाखव. त्यानं चष्मा लावून फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला. “हौ,” म्हणाला. “शेपटीत होतेत थोडे. पन ते त्या गॅलेक्सीचे नाही राह्यत.” आणि मोबाइल परत दिला.

तर मांडवात. भाषण संपत आलं होतं. मामांनी विचारलं, कोणाला काही विचारायचं का?  मग बायांच्या बाजूनं माझी माय उभी राहिली. जन्मात कधी सभेत बोलली नव्हती ती. पदर डोक्यावर ओढून तिनं लेकराला विचारलं, “मंग ते बाहेर निंगते का नाही, त्या शहरातून?”

दादा तिच्याकडं वळला. “निंगते, माय. काही काही निंगतेत. एवढ्या जोरात गेल्या असतेत का दुसऱ्या बाजूनं बाहेर येतेत. पन वायू घेऊन नाही येत.”

“मंग काय करते बाहेर येऊन?”

“काही नाही करत. राह्यते. जे तारे हायेत ते जळतेत. नवीन नाही होत.”

“परत नाही भरत का तो?”

“नाही, माय.”

 माय म्हणाली, “मंग नको जाऊ बापा. घरी राह्य.” आणि खाली बसली. भल्या मोठ्या मांडवात, इतक्या लोकांसमोर, जसं काही ती आणि तो चुलीपाशी बसले होते. दादानं माइक सोडला आणि तोंडावर दोन्ही हात धरले. मी पाहिलं ते बाबांकडं. बाबा मायकडं पाहत होते, आणि त्यांचा चेहरा असा होता की मी पुन्हा कधी तो आठवायचा नाही असं ठरवलं, आणि रोज आठवते. खीर वाटली गेली. कोणीतरी माझ्याही हातात द्रोण दिला. गोड होती, पातळ झाली होती.

लोक मला विचारतात, मायनं बरोबर केलं का? मला माहीत नाही. तिनं म्हणलं नसतं तर तो गेला असता का? गेला असता तर लिहून झालं असतं का? का गाडीतून उतरून कुठं भलतीकडंच गेला असता? अशी कधीच घरी न आलेली पोरं मी नंतर वर्तमानपत्रात वाचली आहेत. तेव्हा मी मायवर चिडले होते. आज मी तिच्या तेव्हाच्या वयापेक्षाही म्हातारी झाले, तर मला एवढंच कळतं की तिनं जे ऐकलं त्यावर विश्वास ठेवला. सगळ्या मांडवात तिला एकटीलाच ते समजलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दादाची पेटी सायकलच्या कॅरियरला बांधली. दादा ओट्यावर बसला होता. बाबा म्हणाले, “मी पुढं होतो. तू ये मागून, पायी पायी. गाडीले टाइम हाय.”  बाबा फाटकातून बाहेर पडले, पाटी वाऱ्यानं थोडी हलली तर थांबून तिचा खिळा अंगठ्यानं दाबला, आणि गेले. मी दादाला म्हणलं, ऊठ. हात धरून ओढलं. तो माझ्याकडं असा पाहत होता जसं मी भलत्याच भाषेत बोलते आहे. छोट्या लाइनची शिटी आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. ती वाजली. नंतर बऱ्याच वेळानं बाबा परत आले, सायकल हातानं ढकलत, पेटी तशीच बांधलेली. प्लॅटफॉर्मवर बसले असतील, स्टेशनच्या फाटकाकडं डोळे लावून, हे मला सांगायला कोणी लागलं नाही. त्यांनी पेटी सोडली, आत नेऊन पलंगाखाली सरकवली, आणि मायला म्हणाले, “भाकर वाढ. पाळी हाय माही.”

दिवाळी आली, गेली. मुदत त्याच्याबरोबर गेली. पुढं दादा लालबर्ऱ्याच्या एका राइस मिलमध्ये काट्यावर बसू लागला, पोत्यांची वजनं करायला. रोज बसनं जायचा, रोज बसनं यायचा. कोणाशी भांडण नाही, दारू नाही, लग्नाला नाही म्हणाला. लोक म्हणायचे किती शांत माणूस. पाटी बाबांनी काढली नाही आणि दादानं काढायला सांगितली नाही. पावसानं ‘एम.एस्सी.’ पुसट झालं, गंज चढला, पण ‘डॉ.’ मोठ्या अक्षरात होतं, ते टिकलं. नवीन पोस्टमन आला की दवाखाना आहे का म्हणून विचारायचा.

बाबा गेले ते एका हिवाळ्यात. शेवटपर्यंत त्यांनी त्या तिकिटाचं नाव काढलं नाही. पुण्यानुमोदनाची, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाची, पत्रिका छापायची होती. धनपालमामा, तेही तोवर कमरेत वाकले होते, ओट्यावर बसून नावं लिहून घेत होते आणि मी सांगत होते. त्यांनी सवयीनं लिहिलं, ‘डॉ. राजरतन’. मी म्हणलं, “मामा, खोडा ते. खोटं काहून छापता?” मामा गडबडले. म्हणाले, “सुखदेवभाऊले बरं वाटलं असतं वो.” दादा तिथंच भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्याकडं वळले. मला वाटलं, आता म्हणेल. मांडवात चारशे लोकांसमोर, गळ्यात हार असताना दोनदा म्हणला होता, टाळ्यांवर टाळ्या पडत होत्या तरी म्हणला होता, मी डॉक्टर नाही. मी वाट पाहत होते. अगदी जीव मुठीत धरून वाट पाहत होते, की माझ्या भावानं तेवढं तरी म्हणावं.

“राहू दे ना,” दादा म्हणाला. “काय फरक पडते.”

पत्रिका छापून आल्या. लोकांनी वाचल्या, आणि विहारात दादाजवळ येऊन म्हणाले की बापाचं स्वप्न पुरं झालं. दादानं सगळ्यांना हात जोडले.